लाल दोऱ्यामागे दहा सेंटिमीटर

पायरी १. फांदीचं टोक मोडून पाहा. आत काळी, शिंगासारखी लवचीक काडी असेल तर तो समुद्रपंखा. पायरी २ कडे जा. काडी नसेल तर हा कागद तुमच्या कामाचा नाही.

एका पानाचा हा कागद बोग्ना कुश्मिदेरने लिहिला होता आणि पोलंडमधल्या वूच शहरातल्या खाऱ्या टाक्यांच्या मंडळात तो पोथीसारखा मानला जाई. घरात काचेच्या टाकीत प्रवाळ वाढवणारी ही वीस-बावीस माणसं. महिन्यातल्या एका शनिवारी जुन्या गिरणीच्या उपाहारगृहात जमायची, एकमेकांना फांद्या द्यायची, मेलेल्या माशांवर हळहळायची. कुणी अनोळखी समुद्रपंखा आणला की सगळ्यांचं एकच म्हणणं असे, बोग्नाबाईंना दाखव.

ते तिच्या डोळ्यांमुळे. त्याच गिरणीत ती एकतीस वर्षं पाहणीच्या टेबलावर होती. खालून उजेड यायचा, वरून कापड सरकायचं. तुटलेला धागा दिसला की तिथे काठाला लाल दोरा बांधायचा. दोरा म्हणजे गिरणीची कबुली, की इथे आमचं चुकलंय. दर लाल दोऱ्यामागे गिऱ्हाइकाला दहा सेंटिमीटर कापड वर मिळे. बोग्नाच्या टेबलावरून दोरा न बांधता गेलेल्या ताग्यात कुणाला कधी दोष सापडला नाही, असं गिरणीत म्हणत. गिरणी बंद पडली तेव्हा बाकीच्या बायकांनी कात्र्या नेल्या, चहाच्या किटल्या नेल्या. बोग्नाने लाल दोऱ्याचं रीळ नेलं.

पायरी २. तोंडं उमलली की रंग पाहा. तपकिरी असतील तर पायरी ३. पांढरी असतील तर पायरी ६.

फांदीवर आठ पाकळ्यांचे चिमुकले जीव उमलतात, त्यांना मंडळात तोंडं म्हणत.

गेल्या शरदात लुदोमिर ग्झेलाकचा नामदिवस, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा सण, होता. लुदोमिर चौऱ्याहत्तर वर्षांचा, आयुष्यभर ट्राम चालवलेला, बायको जाऊन चार वर्षं झालेला. त्याच्या टाकीत मधोमध एक जांभळा समुद्रपंखा होता, हातभर उंच, सहा वर्षांचा. त्याच्या फांद्यांना शेपट्यांचे वेढे घालून दोन समुद्रघोडे दिवसभर लटकून राहायचे. लुदोमिरच्या बायकोला ते फार आवडत. ती गेली, पुढे वर्षभराच्या अंतराने तेही गेले. पण जुन्या सवयीने लुदोमिर अजूनही दिवसातून तीन वेळा टाकीपाशी जाऊन कोळंबीचा चुरा सोडायचा. आता म्हणे उरलेल्या दोन माशांसाठी.

त्या संध्याकाळी त्याने सांगितलं की हिवाळ्याआधी तो कुत्नोला मुलीकडे राहायला जातो आहे. मुलीच्या घराची डागडुजी चालली होती, वसंतात ती झाली की दिवाणखान्यात एका छोट्या टाकीला जागा मिळणार होती. तोवर पंखा कुठे ठेवायचा? मंडळात याला एकच उत्तर होतं. मोठा पंखा एकट्याने ठेवायचा नाही, कापून वाटायचा. दिलेलं बुडत नाही. कुणाची टाकी फुटो, कुणाची वीज जावो, कुणाकडे तरी तो जगतोच, आणि ज्याचा होता त्याने मागितला की परत द्यायचा. हा शिरस्ता कुणी कधी मोडला नव्हता.

वाटण्याआधी लुदोमिर म्हणाला, "बोग्ना, हा कुठल्या जातीचा ते एकदा सांग. म्हणजे पोरं घोळ घालणार नाहीत." पोरं म्हणजे मंडळातली पन्नाशीची माणसं.

बोग्नाच्या हातात चेरीच्या दारूचा तिसरा पेला होता. खसखशीचा केक कापून झाला होता, बाहेर अंधारलं होतं. टाकीवर लुदोमिरच्या जुन्या, पिवळट पडलेल्या ट्यूबलाइटच्या नळ्या जळत होत्या. ती वाकली, डोळे बारीक केले.

"तपकिरी," ती म्हणाली. "उजेडखाऊ. निर्धास्त राहा."

पायरी ३. तपकिरी तोंडांच्या अंगात शेवाळ असतं, ते उजेडावर अन्न तयार करतं. भरपूर उजेड द्या. भरवू नका, पाणी बिघडतं. मिटून राहिला तर पायरी ५.

सात तुकडे झाले, सात जणांकडे गेले. एक बोग्नाने घेतला. शेवटचा, जरा वाकडा तुकडा सेवेरिनच्या वाट्याला आला, कारण बाकीच्यांनी आधीच निवडून घेतले होते.

सेवेरिन पायोंक बाजारात हेरिंग मासे विकायचा. उरलेली अंडी, माशांचा चुरा, बरणीच्या तळाचं काहीबाही तो आपल्या टाकीत सोडायचा. पाणी हिरवट, काचेवर मेण चढल्यासारखा थर. मंडळात त्याला दलदल म्हणत, आणि तोही हाकेला ओ द्यायचा.

डिसेंबरच्या बैठकीत बोग्ना सर्वांना कागद वाटत होती. सेवेरिनने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "बाई, तीननंतर एकदम पाच? चार कुठे गेली?"

बोग्नाने पाहिलं. खरंच चार नव्हती. आकडा घालताना चुकली होती आणि इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण वीस माणसांसमोर, आणि तेही सेवेरिनने दाखवावं?

"चौथी पायरी टाकी पुसणाऱ्यांसाठी आहे," ती म्हणाली. "तुला लागू नाही. तुझ्याकडचे मासे खोकतात, असं ऐकलंय."

उपाहारगृह हसलं. सेवेरिनही हसला, कागदाची चौघडी करून त्याने ती खिशात ठेवली. पुढे सगळे बीटच्या सुपाकडे वळले आणि विषय संपला.

पायरी ५. पंखा मिटलेला, अंगावर चकचकीत पापुद्रा: घाबरू नका. तो कात टाकतो आहे. हात लावू नका. थांबा.

फेब्रुवारीत एकाने कळवलं की तुकडा मिटला आहे. बोग्नाने सांगितलं, पाच पाहा. मार्चात आणखी तिघांनी कळवलं. तिने सांगितलं, पाच पाहा. तिचा स्वतःचा तुकडाही मिटला होता. तीही पाच पाहत होती. एवढ्या जणांचे एकदम मिटले याचं तिला थोडं नवल वाटलं, पण एकाच आईची लेकरं, एकाच वेळी कात टाकत असतील, असं तिने मनाशी म्हटलं.

सहा आठवडे सात घरांत सात माणसं, तिने लिहून दिल्याप्रमाणे, थांबून राहिली.

पायरी २, पुन्हा.

एप्रिलमधल्या एका सकाळी बोग्नाचा टाकीवरचा निळा दिवा बंद पडला. दुरुस्तीवाला दुपारी येतो म्हणाला. टाकी अगदी अंधारात नको, म्हणून तिने वर्षभर लावलेला जाड पडदा बाजूला केला. खिडकी उत्तरेची होती.

फांदीच्या टोकाशी तीन तोंडं अर्धवट उमलली होती. ती पांढरी होती.

बोग्ना तशीच उभी राहिली, पडद्याचं टोक मुठीत धरून. गिरणीत पहिल्याच आठवड्यात शिकवलेली गोष्ट: दिव्याखाली रंगाचा निकाल द्यायचा नाही. पिवळ्या दिव्याखाली पांढरं ते तपकिरी दिसतं, निळ्याखाली काहीही दिसतं. कापड उचलायचं आणि उत्तरेच्या खिडकीपाशी न्यायचं. गिरणीतल्या कोवळ्या पोरींना ती हे सांगून सांगून थकली होती. एकीला तर यावरून तिने रडवलं होतं.

पायरी ७. खात्री नसेल तर सूक्ष्मदर्शक. (सहसा गरज पडत नाही.)

कंसातलं वाक्य तिचंच होतं.

तिने एक तोंड चिमट्याने खुडलं, काचपट्टीवर चिरडलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. उजेडखाऊ असता तर आत तपकिरी दाणे दिसले असते, खसखस सांडल्यासारखे. एकही नव्हता. दुसऱ्या कणावर तिने कपडे धुण्याचं ब्लीच टाकलं. कातडं विरघळलं, चुन्याच्या सूक्ष्म सुया तेवढ्या उरल्या. पुस्तकातल्या चित्रांशी त्या ताडून पाहिल्या. शंकेला जागा राहिली नाही. हा पंखा उजेडावर जगतच नव्हता. तो घासावर जगणारा होता. आणि नोव्हेंबरपासून, तिच्या सांगण्यावरून, कुणी त्याला घास दिला नव्हता. ते कात टाकत नव्हते. उपाशी मरत होते. समुद्रपंखे मरतातही इतके सावकाश की शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नाही.

तिने फोन लावले. पहिल्याकडे काळी काडी उरली होती, त्याला वाटलं होतं आतून नवी फुटेल, दुसऱ्याने गेल्याच आठवड्यात टाकून दिला होता आणि तिला सांगायची लाज वाटत होती, तिसरीने विचारलं की आता भरवू का, बोग्नाने विचारलं तोंडं उघडतात का, ती म्हणाली नाही, चौथा म्हणाला बाई तुम्ही थांबा म्हणालात, पाचवाही तेच म्हणाला, पण हळू आवाजात, जणू चूक त्याची होती. रागावलं कुणीच नाही. कुणीतरी रागवावं असं तिला फार वाटत होतं.

तोंडच उघडत नसेल तर घास कुठे ठेवायचा? तिच्या कागदात याला पायरी नव्हती.

त्याच दिवशी, जेवणानंतर, लुदोमिरचा फोन आला. टाकी बसवून झाली होती, पाणी तयार होतं, मुलगी कुरकुर न करता हो म्हणाली होती. मेच्या मध्याला तो वूचला येणार होता.

"सगळ्यांचे नकोत मला," तो म्हणाला. "बोटभर एक पुरे. तुझाच सगळ्यांत चांगला असेल, नाही?"

बोग्नाने सांगायला तोंड उघडलं. लुदोमिर तोवर सांगत होता की समुद्रघोड्यांची एक जोडी त्याने पाहून ठेवली आहे, मुलीची धाकटी त्यांच्यासाठी आतापासून नावं शोधते आहे.

"या तुम्ही," ती म्हणाली. "मग बघू."

पायरी ६. पांढरी तोंडं: दिवसातून चार वेळा बारीक घास, पाणी संथ करून, पिचकारीने, हलक्या हाताने. एवढं जमणार नसेल तर हा पंखा घरी आणू नका.

सातवा राहिला होता. दलदल.

फोन खाली ठेवला तशी तिच्या डोक्यात वीज चमकली. सगळ्या वूचमध्ये या पंख्याला जगता येईल अशी एकच टाकी होती. हिरवी, गढूळ, चोवीस तास माशांच्या अंड्यांचं सूप झालेली. फोन न करताच तिने ट्राम पकडली. एवढ्या आशेने ती कधी कुणाच्या घाणीकडे निघाली नव्हती.

सेवेरिनने दार उघडलं तेव्हा त्याच्या गळ्यात एप्रन होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. "बाई, तुम्ही? या, या. मी म्हणतच होतो एकदा बोलावीन. पण म्हटलं, आधी सगळं होऊ दे."

त्याने तिला हाताला धरून आत नेलं. टाकीवर चादर होती. ती त्याने ओढून काढली.

काच इतकी स्वच्छ होती की बोग्नाला क्षणभर टाकी रिकामी वाटली. तळाशी पांढरी वाळू, दोन नवे फिल्टर, पाणी नाहीसं झाल्यासारखं नितळ.

"आता म्हणा दलदल," सेवेरिन म्हणाला. "बायको म्हणते, वीस वर्षं मी सांगते तेव्हा चूल पुसली नाहीस, आणि बाईंनी एकदा टोमणा मारला तर..."

"खायला काय घालतोस?"

"कागदात लिहिलंय तसं. काही नाही. माशांना चिमूटभर, तेही दिवसाआड. ते माझ्याकडे बघतात तेव्हा मी तोंड फिरवतो."

बोग्नाने पंखा शोधला. मागच्या कोपऱ्यात, वाकडा. खालच्या फांद्या काळ्या, उघड्या, त्यांवर हिरवी लव. टोकाशी तीन बोटं जांभळं उरलं होतं.

"डिसेंबरात कसा होता हा?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं.

"डिसेंबरात? अहो, दोन नव्या फांद्या फुटल्या होत्या. म्हटलं, घाणीत हा एवढा वाढतोय तर चांगल्या पाण्यात केवढा होईल." तो थांबला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "काय झालं? अजून कुठे घाण राहिलीय का?"

ती स्टुलावर बसली आणि तिने सांगितलं. तपकिरी, पांढरं, चेरीची दारू, सगळं. सेवेरिन ऐकत होता, एप्रनचा कोपरा बोटाला गुंडाळत होता. तिचं संपल्यावर तो एवढंच म्हणाला की कॉड माशाची अंडी घरात आहेत, वाटून आणतो.

त्यांनी जिवंत टोक कापून नव्या दगडावर चिकटवलं. फिल्टर बंद केले. बोग्ना रोज सकाळी ट्रामने यायची, संध्याकाळी जायची. घास चार वेळा. सेवेरिन पिचकारी धरायचा, ती भिंगातून पाहून सांगायची, डावीकडे, अजून, थांब. पहिल्या दिवशी पाच तोंडं उघडली. एकाने एक कण पकडला, आत घेतला, आणि ती दोघं त्या वयात एकमेकांना चिमटे काढायच्या बेतात आली. दुसऱ्या दिवशी तो कण जसाच्या तसा बाहेर पडलेला सापडला. मग तीन उघडू लागली. मग दोन. पाणी पुन्हा हिरवं झालं, काचेवर थर चढला, खोलीला जुना वास आला. सेवेरिनची बायको एकदा दारात येऊन उभी राहिली, चहा ठेवून गेली.

कातडं रोज नखाच्या टोकाएवढं मागे सरत होतं. बोग्ना रोज भिंगातून ते पाहत होती. तेवढं तिला उत्तम येत होतं.

पायरी ४.

मेच्या मध्याला थंड संतांचे दिवस लागले. उन्हाळ्याआधी थंडी शेवटची परतते आणि बागवाले रोपं झाकून ठेवतात ते हे तीन दिवस. लुदोमिर मधल्या दिवशी आला, थेट सेवेरिनकडे, जाड कोट घालून. कोटाच्या आतल्या खिशात रिकामी बरणी होती. फांदी अशीच न्यायची असते, छातीशी, ऊब लागेल अशी.

बोग्नाने त्याला बसूही दिलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, त्याच्याकडे बघत. फोनवर का सांगितलं नाही, तेही.

लुदोमिर टाकीपाशी जाऊन वाकला.

"समुद्रघोडे," तो मग म्हणाला. "त्यांना मी तीनदा भरवायचो. चुरा सगळा त्याच्या अंगावरून वाहत जायचा. ते गेले तरी माझा हात थांबला नाही." त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "म्हणजे याला माहीत होतं. मलाच नव्हतं."

"मी विचारायला हवं होतं. तुम्ही काय घालता, एवढंच."

"मी सांगायला हवं होतं."

"बाई, मी पुसायला नको होतं," मागून सेवेरिन म्हणाला, आणि तिघांत तेच सगळ्यांत खरं होतं.

दगडावर सेंटिमीटरभर जांभळं उरलं होतं. एक तोंड अर्धं उघडलं होतं. सेवेरिनने सवयीने पिचकारी भरली, हलक्या हाताने घास सोडला. कण तोंडावर येऊन टेकला, थोडा वेळ तिथेच राहिला, मग पाण्याबरोबर निघून गेला.

"जगेल?" लुदोमिरने विचारलं.

"नाही. आठवडाभर, फार तर. मला काही करता येत नाही, लुदोमिर."

"मग माझ्याकडेच राहू दे आठवडाभर."

तिने दगड बरणीत घेतला. झाकण लावायच्या आधी तिने पिशवीतून रीळ काढलं, हातभर लाल दोरा तोडला आणि दगडाला दोन वेढे देऊन गाठ मारली. ओल्या दोऱ्याची गाठ तिसऱ्या खेपेला बसली.

सेवेरिनला काही कळलं नाही. पण लुदोमिरची बायको सतरा वर्षं त्याच गिरणीत मागावर कापड विणत होती.

"आणि वरचे दहा सेंटिमीटर?" तो म्हणाला.

"नाहीत."

त्याने मान हलवली. बरणी आतल्या खिशात ठेवली, कोटाची बटणं खालपासून वरपर्यंत लावली आणि वरून हात धरून ठेवला, आत थंडी जाऊ नये म्हणून.